कोरी बाटली

प्रेमिलाताईंनी समुद्र पाहिला तो फक्त बाटल्यांत. गेली अठरा वर्षं हुडकेश्वरहून दोन ऑटो बदलून त्या प्रयोगशाळेत यायच्या आणि काचेच्या बाटल्या धुवायच्या. त्या बाटल्या संशोधन जहाजावर जायच्या आणि समुद्राचं पाणी घेऊन नागपुरात परत यायच्या. ताईंनी धुतलेल्या बाटलीकडे पुन्हा बघावं लागत नाही, असं शास्त्रज्ञ चारुशीला मॅडम चारचौघांत सांगायच्या. ताईंना त्याचा फार अभिमान होता.

जानेवारीत किनाऱ्याजवळ एक तेलवाहू जहाज फुटलं. मासे मेले, जाळी काळी झाली. तेलकंपनीने मात्र हात वर केले; म्हणे आमचं तेल तिथवर गेलंच नाही. तिसऱ्या दिवशी संशोधन जहाजाने तिथलं पाणी भरून आणलं होतं. कोळ्यांची सारी भिस्त आता ताईंच्या चाळीस बाटल्यांवर होती.

त्यांतली एक कोरी. तिच्यात इथलंच शुद्ध पाणी भरून पाठवायचं आणि न उघडता परत आणायचं. तिच्यात तेल निघता कामा नये; निघालं तर ते समुद्राचं नव्हे, बाटलीचंच. ते निघालं.

ताईंनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. बाटल्या धुतल्या तेव्हा थंडीने आणि रसायनाने ते फुटून रक्त येत होतं. हातमोज्यांची मागणी दिवाळीपासून साहेबांच्या टेबलावर ठाण मांडून बसली होती. खोबरेल लावायला इथे बंदी, ती त्यांनी कधी मोडली नाही. म्हणून लेकीनं, मयुरानं, पेट्रोलियम जेलीची डबी आणून दिली. ना वास, ना ओघळ.

"मॅडम, झाकणं मीच लावली. हाताले थे जेली होती. मले वाटलं, औषध आहे."

मॅडम रागावल्या नाहीत, तेच ताईंना जास्त लागलं. ही जेलीही खनिज तेलातूनच निघते, आमच्या यंत्राला फरक कळत नाही, आता चाळीसांतल्या एकाही बाटलीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं त्यांनी समजावलं.

"मंग पुन्हा आणा न पाणी. मी सारं धुऊन देते."

"पाणी आणता येईल, ताई. त्या दिवसाचं कुठून आणू?"

तरी महिन्याने जहाज पुन्हा गेलं. तोवर हातमोजे एकदाचे आले होते. ताईंनी एकेक बाटली तीन-तीनदा धुतली.

अहवाल आला. कोरी बाटली स्वच्छ. बाकीच्याही स्वच्छ, समुद्राने तेल केव्हाच कुठल्या कुठे नेलं होतं. कंपनीने तोच कागद कोळ्यांपुढे धरला.

या वेळी ताईंच्या कामात काडीचीही चूक नव्हती.