आत घेतलेली चाकं

त्या दुष्काळात माझा देवावरचा विश्वास उडाला होता असं नाही, पण त्याच्याशी बोलायचाही कंटाळा आला होता. आमच्या गावच्या सहकारी सोसायटीचा ट्रॅक्टर मी चालवायचो. शेतात काम उरलं नव्हतं, म्हणून मागं टाकी जोडून वस्त्यांवर पाणी पोचवायचं. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत तेच. अंग नुसतं आंबून जायचं.

त्या सकाळी अणदूरला खंडोबाच्या देवळापाशी हात जोडायला थांबलो. बायको तान्ह्या पोरीला घेऊन मडगार्डवर बसलेली. तिला माहेरच्या वस्तीवर सोडायचं होतं, तिथं निदान एक दुभती शेळी होती. गाभारा मोकळा. पौषाचे दिवस, देव पालखीतून नळदुर्गाच्या देवळात मुक्कामी गेलेला. दरवर्षीच जातो, मला काय ठाऊक नव्हतं? पण थकलेल्या माणसाला राग यायला कितीसं लागतं! "ह्योबी घरी न्हाय," म्हणत मी पायात चपला सरकवल्या.

ट्रॅक्टरची मागची चाकं ज्वारीच्या ओळींच्या मधे बसावीत म्हणून कोळपणीच्या, म्हणजे तण काढायच्या, वेळी आत सरकवून घेतलेली होती. पुढं ज्वारी वाळून गेली. चाकं पुन्हा बाहेर काढायला हवी होती, पण सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "राहू द्या. एखादा पाऊस आला तर परत कोळपणी लागंल." आम्हा सगळ्यांनाच ते बोलणं गोड वाटलं. चाकं बाहेर काढायची म्हणजे पिकाची आशा सोडायची, आणि ते कुणाच्यानं होईना. म्हणून ट्रॅक्टर तसाच, एकमेकांजवळ आलेल्या चाकांवर, पाण्याचं ओझं ओढत राहिला.

वस्तीच्या अलीकडं टेकाडाच्या अंगानं तिरकी वाट होती. तिच्या तोंडाशीच एक काळं कुत्रं आडवं पडलेलं. हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, पण ते ढिम्म हलेना.

"अवो, थांबा की. खंडोबाचं जनावर हाय," बायको म्हणाली.

"मग नळदुर्गाला जावं की त्यानं! माज्याच वाटंत कशाला मरतंय?"

ती पोरीला काखेत घेऊन उतरली, टाकीच्या नळाखाली तांब्या धरला आणि दगडाच्या खळग्यात पाणी ओतलं. माणसाला पाणी मिळेना आणि ही कुत्र्याला पाजतेय! माझं डोकंच फिरलं. कुत्रं पाणी प्यालं, उठलं आणि टेकाडावर निघून गेलं. "तुमी व्हा म्होरं. वस्ती दिसतीय, म्या चालत येते," ती म्हणाली. मी रागातच गिअर टाकला.

थोडा पुढं गेलो तोच खालचं चाक खड्ड्यात बसलं आणि वरचं अलगद उचललं. चाकं एकमेकांपासून लांब असती तर ट्रॅक्टर कदाचित सावरला असता. मी टेकाडाच्या बाजूला उडी टाकली. ट्रॅक्टर उताराकडं आडवा झाला, आणि ती बसली होती तो मडगार्ड खडकावर पार चेपला.

धूळ खाली बसली तेव्हा ती पोरीला छातीशी धरून मागं उभी होती. टाकीतलं पाणी वाहून चाललं होतं, वस्ती त्या दिवशी तहानलेली राहणार होती, आणि मी पोरीचे इवलेसे पाय हातात धरून हमसून हमसून रडत होतो.

वस्तीवरच्या माणसांनी बैल जुंपून ट्रॅक्टर उभा केला. मग तिथंच दगड रचून आम्ही चाकं बाहेर काढली. चेअरमन आले, चेपलेल्या मडगार्डवरून हात फिरवत उभे राहिले, आणि कोळपणीचं नाव कुणी काढलं नाही. पाऊस ज्याच्या हातात आहे त्याच्यावर सोडून दिला. किती दिवसांनी मला गाढ झोप लागली!

कुत्रं कुणाचं, ते मी कधी विचारलं नाही. देव परत आल्यावर दोघं अणदूरला गेलो, भंडारा उधळला. मागायला काही सुचेना. नुसता बघत राहिलो.

बायको हळूच म्हणाली, "त्या दिशी लई रागावला व्हता न्हवं, देव घरी न्हाय म्हणून?"

"बरं झालं न्हवता," मी म्हणालो. "घरी बसला आसता, तर वाटंत कोण आडवं आलं आसतं?"