फुग्याची गोष्ट

ताई टेलरच्या दुकानात काज-बटणं करते, पंचवीस वर्षं झाली. तिनं लावलेलं बटण सुटलं असं कोणी म्हणून तर बघावं, ती त्याला चांगली फैलावर घेईल. तोंड मात्र तिला सुईइतकं जपून वापरता येत नाही. मनात आलं की ओठांवर आलंच. त्या तोंडानंच घात केला, असं ती हल्ली म्हणते. पण घात केला तो ऐकणाऱ्यानं.

तिचा धाकटा भाऊ सैन्यातून परतला, तो अंगानं धडधाकट. पण भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसायचा. शेजाऱ्यांनी कपाट सरकवलं तरी हा जमिनीवर पालथा. ताईनं वर्षभर नाकदुऱ्या काढल्या, तेव्हा कुठे तो सैनिकांच्या मनाच्या दवाखान्यात जायला लागला. दर मंगळवारी. दहा मंगळवार नुसतेच गेले. अकराव्याला त्यानं डॉक्टरांना चौकीवरचं सांगितलं. चौकीवर गोळा पडला, जोडीदार ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि तिथून याला हाका मारत राहिला. हाका थांबल्या तरी हा हातांनी उकरतच होता.

त्या दिवशी घरी येऊन तो चक्क दाराकडे पाठ करून जेवला. ताईनं आत जाऊन डोळे पुसले.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी तिलाही बोलावलं, एकटीला. "घरच्यांचं बोलणं फार उपयोगी पडतं," ते म्हणाले. "लहानपणी कसा होता हा?"

ताईची कळी खुलली. "अहो, काय सांगू! पाच वर्षांचा होता, कानाशी फुगा फुटला. जो पलंगाखाली घुसला, तो संध्याकाळपर्यंत बाहेर येईना! शेवटी मीच खाली शिरले, तेव्हा आला. अजून आम्ही त्याला फुग्याच म्हणतो."

डॉक्टर पोट धरून हसले आणि हसता हसता लिहीत राहिले. माणूस आपला आहे, असं ताईला वाटलं. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर तिनं न वाचताच सही ठोकली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. भावानं ते मोठ्यानं वाचलं. "भित्रेपणा लहानपणापासूनचा. फुग्याच्या आवाजाने लपून बसत असल्याची बहिणीची माहिती. युद्धसेवेशी संबंध नाही. सबब उपचार बंद." चौकीचा त्यात उल्लेखही नव्हता.

ताई तणतणत दवाखान्यात गेली. "त्यानं तुमच्यापुढे काळीज उघडं केलं, ते कुठं गेलं?"

"त्याला साक्षीदार नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "फुग्याला आहे. खाली तुमचीच सही आहे, बाई."

ती घरी आली तेव्हा भाऊ पुन्हा भिंतीला पाठ लावून बसला होता.

"फुग्या, चुकलं रे माझं," ती रडत म्हणाली. "मला वाटलं, ते आपले आहेत."

तो उठला. जन्मापासून तिला 'ताई' आणि 'तू' याशिवाय दुसरं काही न म्हटलेल्या त्या भावानं तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"दमून आलात," तो म्हणाला. "बसा तुम्ही."