बिनटिकलीचे हंस

लायडनमधल्या पक्षी बघणाऱ्या एका गटाबरोबर मी दुसरा हिवाळा फिरत होते, पण त्यांच्यासमोर अजून तोंड उघडलं नव्हतं. डच समजायचं, बोलायला वाक्य मनात जुळवेपर्यंत पक्षी उडून गेलेला असायचा. त्या शनिवारी पुण्याहून आलेली आई सोबत होती.

"एवढ्या थंडीत बदकं बघायला?" तिने लोकरीची टोपी कानांवर ओढली.

"बदकं नाहीत गं. कोलखान्स म्हणतात इथे."

"खान्स म्हणजे हंसच की. जरा घसा खरवडून म्हणायचं, एवढंच."

मला हे कधी सुचलं नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची. हंस म्हणजे स्वान, असं तिथेच डोक्यात बसलेलं. 'कोल' म्हणजे कपाळावरचा पांढरा ठिपका, असं मी तिला सांगितलं आणि दुर्बीण हातात दिली. समोरच्या कुरणात थवा चरत होता. गुलाबी चोची, चोचीच्या मुळाशी पांढरं, पोटावर काळे आडवे पट्टे.

"टिकली लावून आलेत सगळे," आई म्हणाली. "ते दोघे सोडून. ते तुझ्यासारखे."

दोघांच्या कपाळावर खरंच काही नव्हतं. पोटही साधंच.

शेजारी उभे असलेले गटातले उंच आजोबा गटप्रमुख बाईंना म्हणाले, "ते दोन करडे हंस असावेत."

मला पटेना. करड्या हंसाचे पाय गुलाबी असतात, यांचे नारिंगी होते. शिवाय एक टिकलीवाला मान लांब करून इतरांना हुसकावत होता आणि हे दोघे त्याच्या मागे निवांत चरत होते. मी आईच्या कानात हे सगळं सांगितलं.

"मग मला काय सांगतेस? त्यांना सांग."

मी सांगितलं. "ती पिल्लं आहेत. आईबाबांबरोबर आलीत. पाय बघा. त्यांना अजून टिकली नाही." व्याकरण बहुधा चुकलं, आणि घाईत 'कोल'च्या जागी टिकलीच निघाली.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "बरोबर. पहिलाच हिवाळा आहे त्यांचा. हिवाळाभर ती कुटुंब सोडत नाहीत." मग वळून विचारलं, "पण टिकली म्हणजे?"

आईने टोपी वर सरकवून आपलं कपाळ दाखवलं.

सगळे हसले, मीसुद्धा. पुढच्या कुरणापाशी आजोबा माझ्याजवळ येऊन थांबले. "तो कडेचा. त्याला टिकली आहे का?"

मी दुर्बीण लावली. या वेळी वाक्य आधी जुळवलं नाही.