काखेतली बाटली

ओडार्टेच्या ताकदीच्या गोष्टी चोरकोरच्या किनाऱ्यावर इतक्या आहेत की कुठली आधी सांगावी असा प्रश्न पडतो. पण मंचाची गोष्ट सोडून चालायचं नाही. निवडणुकीचे दिवस होते. पैलवानांना त्या दिवसांत फार मागणी. पुढाऱ्याच्या मागे दोन-चार दंडवाले उभे नसले तर त्याला कोण पुढारी म्हणणार? तर ओडार्टेला बंदोबस्ताला बोलावलेलं. सभा रंगात आली आणि मंचाचा एक पाय मोडला. ओडार्टे गडबडला नाही. खाली शिरला, फळी पाठीवर घेतली आणि उभा राहिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वर पुढाऱ्याला वाटलं, भाषण आवडलं. त्यानं ते आणखी अर्धा तास लांबवलं. ओडार्टे खालून घाम पुसत होता, एका हाताने.

असा हा माणूस. बाप कोळी, आई मासे धुरावर सुकवणारी. शाळेशी फारसं जमलं नाही, जाळी ओढण्याशी जमलं. पुढं त्यानं वाळूवरच तालीम काढली. छप्पर पत्र्याचं, मुद्गलं रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून केलेली, आणि ट्रकची चाकं. आमच्याकडे मंगळवारी समुद्राला सुट्टी असते, त्या दिवशी कुणी जाळं टाकत नाही. म्हणून मंगळवारी तालीम फुललेली असायची. पोरं त्याला वस्ताद म्हणायची. ओडार्टेकडं पैसा नव्हता, जमीन नव्हती. होता तो एक शब्द. वस्ताद म्हणाला की झालं, त्यावर कुणी दुसऱ्याला विचारायला जात नसे.

आयिते त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांत मिळून चपलेचा एकच जोड, सकाळी एकाच्या पायात, दुपारी दुसऱ्याच्या. आयिते अंगानं काटकुळा, पण डोक्यानं तल्लख. तो तेमाकडच्या एका औषधाच्या कारखान्यात लागला, इंजेक्शनं भरायच्या खात्यात. सुट्टीला आला की तिथल्या गमती सांगायचा. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळून आत जायचं, फक्त डोळे उघडे. शिंक आली तर बाहेर येऊन शिंकायचं आणि पुन्हा सगळे कपडे बदलून आत. एक माणूस आत गाणं गुणगुणला म्हणून त्याला साहेबानं बाहेर काढलं, कारण तोंडातून जे उडतं ते बाटलीत जातं. ओडार्टे हे ऐकून पोट धरून हसायचा. म्हणायचा, आमची आमेर्ली तर मासे तळताना अख्ख्या गल्लीला शिव्या देते, ते सगळं कढईत जात असणार. आमेर्ली म्हणजे ओडार्टेची बायको. तळलेले मासे आणि केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकायची.

कारखाना बंद पडला आणि आयिते परत आला.

त्या वेळी पोरांना तेलाचं वेड लागलं होतं. तेल म्हणजे दंड फुगवायचं औषध. हार्मोन असतं ते, तेलात विरघळवलेलं, सुईनं मांडीत नाहीतर कुल्ल्यात घ्यायचं. बाजारात कुणीही काहीही विकायचं. एकाला तर नुसतं स्वयंपाकाचं तेल टोचून दिलं होतं, त्याचा दंड वाढला खरा, पण फक्त सुईच्या जागी. ओडार्टेला हे बघवत नव्हतं. पोरं थांबणार नाहीत हे त्याला माहीत होतं, तोही स्वतः घ्यायचा. आयिते म्हणाला, मी करतो, कारखान्यासारखं स्वच्छ करतो. मला सगळं येतं.

ओडार्टेनं विचारलं, स्वच्छ आहे हे कळणार कसं?

आयितेनं सांगितलं, कारखान्यात प्रत्येक घाण्यातल्या काही बाटल्या बाजूला काढतात, त्यातलं थोडं जंतूंच्या खुराकात घालून उबेत ठेवतात आणि काही उगवतं का बघत दिवसच्या दिवस थांबतात. उगवलं तर अख्खा घाणा फेकून देतात. तेल दिसायला कितीही नितळ असो, डोळ्यांना काही कळत नाही.

ओडार्टेला ते पटलं नाही. इतके दिवस थांबायचं कुणी? आपल्याकडे जो ओततो तो आधी पितो. ताडीवाला असो, घरधनी असो, नाहीतर पाणी देणारी म्हातारी असो. आधी घोट स्वतः घ्यायचा, मग पाहुण्याला द्यायचं. विष नाही हे दाखवायची याहून चांगली रीत कुठली? तर आयितेनं सगळ्यांसमोर पहिली सुई स्वतःला टोचायची, दुसरी ओडार्टेला, मग पोरांना.

आयिते हसला. म्हणाला, "बरं गड्या, तुझ्या रीतीनं."

आणि तसं चाललं. महिन्यातल्या एका मंगळवारी आयिते खोकं घेऊन यायचा, सुतळीनं बांधलेलं. तेल घट्ट असतं, थंड असलं तर सुईतून सरकत नाही. म्हणून तो बाटली काखेत धरून ऊब द्यायचा. जपून धरायचा, जसं कोंबडीनं अंडं धरावं. पोरं चिडवायची, आयितेदादा, पिल्लू कधी निघणार? मग तो त्याच बाटलीतून काढून स्वतःला टोचायचा, राहिलेल्यातून ओडार्टेला, आणि पोरांना खोक्यातल्या बाटल्या. ओडार्टे टोचलेली जागा चोळत म्हणायचा, घ्या रे, माझा शब्द. वर्षानुवर्षं त्याला साधी गाठसुद्धा आली नाही.

धंदा वाढला. पार लाबादीपासून माणसं यायला लागली. आयितेनं घराला नवे पत्रे घातले. तेल कुठं करतो, कसं करतो हे ओडार्टेनं कधी पाहिलं नाही. दोस्ताच्या घरात कोण डोकावतं? आमेर्ली मात्र एकदा आयितेच्या बायकोकडे गेली होती. परत आली ती नाक मुरडत. मागच्या खोलीत खिडकी सताड उघडी, समोर मासे धुरावर सुकवायच्या भट्ट्या, आणि टेबलावर बाटल्या उघड्या मांडलेल्या. गाळायची चकती एकदा वापरून फेकायची असते असं आयितेनंच पूर्वी सांगितलं होतं, ती तिथं धुऊन दोरीवर वाळत घातलेली. ती म्हणाली, "तुझ्या दोस्तापेक्षा माझी कढई स्वच्छ. निदान मी झाकण तरी ठेवते."

ओडार्टे चिडला. म्हणाला, तू तेलात मासे तळतेस, तो औषध करतो, दोन्ही एक करू नकोस. आणि एकदा एका बाटलीत माशाच्या खवल्यासारखं काहीतरी चमकताना त्यानं स्वतः पाहिलं, तेव्हाही आयिते म्हणाला की तेलाला अशी झळाळी असतेच. ओडार्टेनं मान डोलावली. जो माणूस आधी स्वतःला टोचतो, त्याला आणखी काय विचारायचं?

मग लार्याचं झालं.

लार्या बंदरात पोती उतरवणारा. लग्नाच्या वयाचा, लाजाळू, तालमीत सगळ्यांच्या आधी येऊन वाळू झाडणारा. त्याच्या आईला, कोर्कोर मावशीला, ओडार्टेनं शब्द दिला होता की पोराला काही होऊ देणार नाही. एका मंगळवारनंतर लार्याची मांडी सुजली. लाल झाली, दगडासारखी टणक झाली, मग ताप. इस्पितळात चीर दिली तर नुसता पू. खूप आतपर्यंत कापावं लागलं. वाचला, पण मांडीत मूठ बसेल असा खड्डा राहिला, आणि पाय ओढत चालायला लागला. पोती उतरवणं संपलं.

काठी टेकत तो तालमीत आला आणि म्हणाला, "वस्ताद, तेलातच काहीतरी होतं."

ओडार्टेनं सगळ्या पोरांसमोर त्याला झापलं. आपण एकाच दिवशी टोचून घेतलं, मला काही झालं नाही, आयितेला झालं नाही, मग तेल कसं खराब? तुझी सुई घाण असेल, तुझे हात घाण असतील, बंदरातली घाण घेऊन येतोस. दोस्तावर बालंट आणलेलं मला चालायचं नाही. पुन्हा इथं येऊ नकोस.  वाळू झाडायचा झाडू नेहमीच्या जागी उभा होता, तो लार्यानं उगाच सरळ केला आणि गेला.

आयिते त्या वेळी तिथंच होता. 

होमोवो, आमचा सुगीचा सण, तोंडावर आला होता. सणाला अंग उघडं टाकून मिरवायचं, म्हणून त्या मंगळवारी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. आयिते खोकं घेऊन आला, बाकावर ठेवलं. ओडार्टे खुशीत होता. सकाळी कुणीतरी त्याला म्हणालं होतं की सणात यंदा तुझ्याच तालमीची पोरं उठून दिसणार. तो धावत आला आणि आयितेला त्यानं कडकडून मिठी मारली, अगदी जमिनीवरून उचलला.

आयितेच्या काखेत काहीतरी टणक लागलं.

ओडार्टेनं त्याला खाली ठेवलं. खोक्याकडे पाहिलं. सुतळीची गाठ जशीच्या तशी होती, अजून कुणी सोडली नव्हती. मग त्यानं आयितेच्या काखेकडे पाहिलं. आयितेनं हात अंगाशी आवळून धरला होता. इतक्या वर्षांत बाटली काखेत जाते हे सगळ्यांनी पाहिलं होतं, ती कुठून येते हे कुणीच पाहिलं नव्हतं.

ओडार्टे हळू आवाजात म्हणाला, "आज काखेतली मला दे. तू खोक्यातली घे."

आयिते हसण्यावारी न्यायला गेला. म्हणाला, खोक्यातल्या गार आहेत, दुखेल. ओडार्टेनं स्वतः सुतळी तोडली, एक बाटली काढली, आपल्या काखेत धरली आणि उभा राहिला. तालमीत डबे खाली ठेवल्याचे आवाज आले, मग तेही थांबले. बाटली ऊबदार झाली तशी त्यानं ती पुढं केली. "घे. तुझंच आहे."

आयितेनं हात पुढं केला नाही.

"आयिते, टोच."

"पोरांसमोर कशाला, ओडार्टे? घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? लार्याला मी इथंच हाकललंय."

तेव्हा आयितेचा तोल गेला. तो म्हणाला, "तुला कधी काही झालं का? सांग ना. औषधाच्या दुकानातली, कंपनीची सीलबंद बाटली आणायचो मी, लेबल धुऊन. माझ्यासाठी आणि तुझ्यासाठी. तुला मी कधी यातलं दिलं?"

आपल्याला जपलं म्हणून ओडार्टेनं खूश व्हावं अशा सुरात तो हे बोलला होता. ओडार्टेला मंचाची फळी एवढी जड लागली नव्हती. इतकी वर्षं त्याच्या निरोगी मांडीकडे बघून पोरं सुई घेत होती. दोस्तानं त्याला विष दिलं असतं तर त्याला कमी लागलं असतं.

"आणि दिवसच्या दिवस थांबून बघायचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," आयिते म्हणाला. "एकाला टोचून अख्ख्या घाण्याचं काही कळत नाही, हे माहीत होतं मला. तुलाच ते पटलं नाही. तुला आधी पिणारा हवा होता, तो मी दाखवला."

 ओडार्टेनं खोकं उचललं आणि एकेक बाटली सिमेंटच्या डब्यावर फोडली. वाळूत तेल जिरत गेलं. कुणी अडवलं नाही. फक्त मागून एक पोरगा म्हणाला, "वस्ताद, पण शब्द तुमचा होता." मग पोरं आपापले टॉवेल उचलून निघाली. काहींनी वाटेत मांड्या चाचपून पाहिल्या.

होमोवो झाला. मक्याचा सांजा आणि पामच्या फळांचं कालवण सगळ्यांनी खाल्लं, सणाच्या रीतीप्रमाणे भुकेची टर उडवून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे घरोघर जायचं असतं. वर्षभरात गेलेल्यांसाठी रडायचं, भांडलेल्यांनी हात मिळवायचे. त्या सकाळी दाराशी आलेल्याला परत पाठवता येत नाही. आयिते आला. नव्या कपड्यात होता, डोळे सुजलेले. ओडार्टेनं हात पुढं केला, रीत म्हणून. आयिते मिठीसाठी पुढं सरकला तसा तो एक पाऊल मागं झाला. आमेर्ली दारात उभी होती. 

मग ओडार्टे लार्याच्या घरी गेला. लार्या अंगणात बसून कुणाचं तरी जाळं सांधत होता. ओडार्टे समोर उभा राहिला आणि म्हणाला, "तू खरं बोलत होतास."

लार्यानं जाळ्यातून मान वर केली नाही. म्हणाला, "मला तेव्हाही माहीत होतं, वस्ताद. मला तुमचं वाईट वाटलं होतं, तेलाचं नाही."

कोर्कोर मावशी आतून पाणी घेऊन आली. म्हातारीनं रीतीप्रमाणे आधी स्वतः घोट घेतला आणि वाटी ओडार्टेपुढं धरली. उन्हातून चालून आला होता, घसा कोरडा पडला होता. पण त्याचा हात उचलेना. तो वाटीकडे बघत राहिला, मग म्हातारीच्या हाताकडे, मग तिच्यामागे दाराआडच्या माठाकडे. ज्या बाईच्या पोराची मांडी त्यानं घालवली, तिनं दिलेल्या पाण्यावर तो संशय घेत होता. हे त्याचं त्याला कळलं आणि तोंड लपवावंसं वाटलं.

मावशीनं सगळं पाहिलं. वाटीतलं पाणी तिनं अंगणात ओतून टाकलं, आणि रिकामी वाटी त्याच्या हातात दिली.

"माठ आत आहे," ती म्हणाली. "जा, तुझ्या हातानं काढून घे."

ओडार्टे आत गेला. वाकून माठात वाटी बुडवली, पार तळापर्यंत, आणि तिथंच उभ्या उभ्या प्यायला. त्याला बाहेर यायला बराच वेळ लागला. लार्यानं तोवर जाळ्याचं दुसरं टोक त्याच्यासाठी दगडाखालून मोकळं करून ठेवलं होतं. पण धरा असं तो म्हणाला नाही.