प्रश्न विचारणारा कागद

आमच्या दुकानात किस्से कसे साठतात, तर टँकर यायच्या दिवशी चौकात हंडे साठतात तसे. एकानं ठेवला की मागं दुसरा आलाच. मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही, पण कोण कधी काय बोललं ते मी विसरत नाही.

तर ऐका. आटपाट नगर नव्हतं, करमाडच्या अलीकडची नवी वसाहत होती. राजा नव्हता, माझा लेक दिगंबर होता. राणी म्हणाल तर सून सुनंदा. नात अश्विनी शहरात कॉलेजला कॉम्प्युटर शिकत होती. आणि दारातल्या स्टुलावर मी, गयाबाई. दुष्काळात सोयगावकडची आमची विहीर आटली, तसे आम्ही इकडं आलो आणि दिगूनं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. चारी बाजूंनी इमारती वर चालल्या होत्या, बोअरचं पाणी खाली चाललं होतं. दुकान चाललं तर आम्ही इथं, नाहीतर परत त्या कोरड्या विहिरीच्या काठावर!

*

पहिल्याच दिवशी दिगू म्हणाला, "आई, हा कागद पीडीएफ. हा उघडायला रीडर लागतो."

"म्हंजे?"

"म्हंजे कागद वाचणारं सॉफ्टवेअर."

"ते वाचतं, मग लोक काय करतात?"

"लोक पण वाचतात."

"एकच कागद दोघं कशाला वाचतात?"

दिगूनं पडद्यावरची धूळ पुसली. मग म्हणाला, "आई, चहा टाक."

उत्तर अजून आलेलं नाही!

*

रोज सकाळी पडद्यावर एक चौकट यायची. रीडर म्हणायचा, मला अपडेट करा. सुनंदा माशी हाकलावी तसं 'नंतर'वर बोट मारायची. कारण अपडेटला अर्धा तास जायचा, नेटचा पॅक संपायचा, आणि दारात लोक ताटकळलेले. टँकरचा नेम नाही. हॉर्न वाजला की सगळे फॉर्म टाकून पळणार. म्हणून टँकरच्या आधी कामं उरकायची, ही आमच्या दुकानाची रीत.

मी एकदा म्हटलं, "अगं, रोज दारात येऊन मागतोय बिचारा. एकदा दे की त्याला काय ते."

"आत्याबाई, एक दिलं की लगेच दुसरं मागतो!"

हे मात्र मला पटलं. माझे धाकटे दीर तसेच होते!

*

एक दिवस सुनंदानं ईमेलात आलेला कुणाचासा कागद उघडला. तर कागदानंच विचारलं, 'परवानगी द्यायची का?' तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. तिनं 'हो' दाबलं आणि हंडा उचलला!

परत येऊन बघतो, तर आमच्या कॉम्प्युटरनं आपल्याच मनानं सगळ्या गिऱ्हाइकांना ईमेल धाडलेले. फॉर्म भरायचा आयडी देणाऱ्या वरच्या ऑफिसातून साहेब आले. दिगूला म्हणाले, "लोकांचे आधार, सातबारे तुमच्या मशीनमधे असतात. पुन्हा असं झालं तर तुमचा आयडी बंद. दुकानाला कुलूप!"

दिगूचं तोंड एवढंसं झालं. मी साहेबांना विचारलं, "साहेब, म्या लई कागद बघितले. कागदानं अंगठा मागितला, पण प्रश्न कधी विचारला नाय. ह्यो कुठला कागद?"

साहेबांनी चष्मा पुसला. "आजी, तुम्ही अगदी मुद्द्याचं बोललात," म्हणाले, आणि मुद्दा न सांगता निघून गेले!

*

मग अश्विनी सुट्टीला आली. तिनं मला समजावलं, "आजी, कागदाच्या पोटात हुकूम लपवता येतो. रीडरनं नुसतं वाचायचं असतं. पण हा जुना रीडर वाचता वाचता तो हुकूमच पाळायला लागतो."

"कुणाचा बी?"

"कुणाचाही."

"त्याला पगार कोण देतं?"

"फुकट आहे ते."

"मग बरोबर हाय!"

तिनं अपडेट लावलं. वर नियम केला, की ज्याचा त्याचा कागद आधी तपासायचा, मगच उघडायचा.

*

सिल्लोडचे रफिकभाई मक्याचे व्यापारी. शेंद्र्याला गोडाऊन बांधत होते, म्हणून आमच्याकडं यायचे. पेनड्राइव्ह तपासायचा म्हटल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला.

"अम्मा, मेरे कागज में कुछ नै. सिरफ मका है!"

तपासून झालं, तरी उठेनात. "अब लिख के देव, के मेरा कागज तंदुरुस्त है."

सुनंदानं छापून दिलं. रफिकभाईंनी ते तिथंच लॅमिनेट करून घेतलं! दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन भाऊ हजर. त्यांचे कागद तर अजून तयारही नव्हते!

*

मागच्या गल्लीतले अण्णा रिटायर्ड क्लार्क. "छापील कागदाला व्हायरस होत नाही," असं म्हणून आलेला प्रत्येक ईमेल ते छापून घ्यायचे.

अश्विनी म्हणाली, "अण्णा, छापायला आधी उघडावा लागतो."

अण्णांनी हातातला कागद लांब धरला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आत्तापर्यंतचे सगळे...?"

घरी गेले, आणि दोन गोण्या छापील कागद गच्चीवर उन्हात पसरून ठेवले!

*

आता तो दिवस. टँकरचा चार दिवस पत्ता नव्हता. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तेवढ्यात ईमेल आला, 'टँकरची नवी यादी', आणि सोबत पीडीएफ.

"उघडा, उघडा!" सगळी वसाहत दिगूच्या खांद्यावर. अण्णा तर ओरडायलाच लागले, "आधी आमची गल्ली बघा!"

अश्विनीनं तपासलं. काही निघेना. रीडर नवा, कागद तंदुरुस्त. दिगूनं बोट ठेवलं, आणि मी स्टुलावरून उठून मशीनचा प्लगच उपटला!

"आई! काय केलंस?"

"यादी कुणी केली?"

"वरून आली असंल."

"आपल्या वसाहतीची यादी कधी कुणी लिहिलीय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारण यादी नव्हतीच! लिहिली की खाडाखोड व्हायची आणि भांडणं लागायची. म्हणून पहिल्या वर्षापासून पाळी माझ्या डोक्यात. कुणाच्या हंड्यामागं कुणाचा हंडा, ते मी स्टुलावरून सांगायची. टँकरवालासुद्धा आधी मला विचारायचा.

मी म्हटलं, "जुनी यादी माझ्याकडनं कुणी नेली नाय. मग नवी कुठनं आली?"

अश्विनी तो कागद न उघडता कॉलेजच्या मॅडमकडं घेऊन गेली. पुढं कळलं, की त्याच्या पोटात हुकूम होता. आणि तो ज्या फटीतून आत शिरणार होता, ती नव्या रीडरमधली फट खुद्द रीडर बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हती! त्यांनी ती बुजवली आणि आभाराच्या यादीत अश्विनीचं नाव घातलं. साहेब येऊन मशीन बघून गेले. आमचा आयडी राहिला, दुकान राहिलं.

मी अश्विनीला विचारलं, "जुन्यात फट व्हती म्हणून नवा घेतला, तर नव्यात बी फट. मग आपण केलं काय?"

ती म्हणाली, "आजी, तेच तर!"

काय तेच, ते मला अजून कळलेलं नाही.

*

असल्या फटी शोधणारी पुण्याची एक कंपनी आहे. तिनं अश्विनीची मुलाखत घेतली. आठ दिवसांनी उत्तर आलं. ईमेलानं. पीडीएफ!

घरात कुणी हात लावेना. अश्विनी म्हणाली, "मुलाखतीचा ईमेल दुसऱ्या पत्त्यावरून आला होता." सुनंदानं माउसवर फडकंच टाकलं. रफिकभाई येऊन म्हणाले, "इसको सर्टिफिकेट है क्या?" असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी कंपनीतून फोन आला. "मॅडम, आमचं पत्र मिळालं ना?"

"मिळालं, सर. उघडलं नाही."

"का?"

"पत्ता ओळखीचा नव्हता. खात्री करत होते."

 पलीकडचा माणूस मोठ्यानं हसला. "बाकीच्या सगळ्यांनी लगेच उघडलं हो!"

मग त्यांनी नोकरीचं पत्र पोस्टानं धाडलं. पाकीट मी फोडलं. कागद हातात घेऊन उलटा-सुलटा केला. त्यानं काही विचारलं नाही. अंगठासुद्धा मागितला नाही.

सुनंदा पत्र मोठ्यानं वाचायला लागली. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

आमच्या घरातलं कुणी उठलं नाही.