चंद्रावरचं खरेदीखत

हे मी कुणाला सांगणारच नव्हतो. पण आता चहा मागवलाच आहे, तर ऐका. हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा.

पंचवटीत माझं पाइपांचं आणि ठिबकचं दुकान. दहावी नापास असलो तरी माणूस ओळखण्यात भल्याभल्यांना पाणी पाजलंय. कंपनीचा नवा एजंट आला की मी बनतच नाही अशा मापाचा पाइप मागतो. "आहे की शेठ," म्हणाला की त्याला पायरी दाखवतो.

तर आमच्या मधुराला देवळ्याच्या साडूंनी स्थळ आणलं. मुलगा निखिल, घर नाशिकरोडला.

"करतो काय?"

"वकील आहे. अंतराळाचा."

"कशाचा?"

"अहो, उपग्रह बनवणारी कंपनी आहे, तिचा वकील."

जिथे माणूसच राहत नाही, तिथे भांडणार कोण आणि वकील लागणार कुणाला? मला तिथेच वास आला.

मुलगा घरी आला. पोहे झाल्यावर मी हळूच विचारलं, "कोर्टात कुठल्या वारी असता?"

"काका, मी कोर्टात जात नाही. करार तपासतो, परवानग्या बघतो. उपग्रह कुणाच्या जागेत पडला तर भरपाई कुणी द्यायची, असली कामं."

"मग कुणी द्यायची?"

"ज्या देशाने सोडला त्याने."

आता बघा. आपल्याकडे एका गारपिटीचा पंचनामा होईस्तोवर दुसरी गारपीट येते, आणि हा आभाळातून पडलेल्या लोखंडाची भरपाई मिळवून देणार.

मधुराने मात्र त्याला दोनदा चहा विचारला. मला तर ती एकदाही विचारत नाही. म्हणजे पोरीचं मन बसलं होतं, आणि म्हणूनच माझी झोप उडाली. भामटा निघाला तर?

कोर्टाच्या कँटीनमध्ये जाऊन चौकशी केली. ओळखीचे वकील म्हणाले, "तीस वर्षं इथे काढली भाऊ, हे नाव कधी ऐकलं नाही."

झालं. मग मी माझं ठेवणीतलं माप काढलं. दुसऱ्या सिमवरून निखिलला मेसेज टाकला: 'मी चांदवडचा शेतकरी. चंद्रावर प्लॉट घेतोय. सातबारा काढून द्याल का?' हो म्हणाला की सापडला.

उत्तर आलं: 'दादा, चंद्रावर कुठल्याच देशाची मालकी चालत नाही. विकणाराच मालक नाही. घेऊ नका.'

पण पक्का भामटा आधी नाहीच म्हणतो, हे मला ठाऊक आहे. मी लिहिलं, 'व्यवहार झालाय. कागद पाठवतो.'

कागद आणायचा कुठून? मीच लिहिला. चतुःसीमा टाकली: पूर्वेस खड्डा, पश्चिमेस खड्डा, दक्षिणेस मोठा खड्डा, उत्तरेस सामाईक रस्ता. अंगठाही उठवला. काउंटरवर ठेवून फोटो काढला आणि दिला पाठवून.

त्यावर उत्तरच आलं नाही. मी बायकोला म्हटलं, "सुनंदा, पळाला बघ."

"कोण पळाला?"

"कळेल."

दुसऱ्या दिवशी मधुरा माझ्याजवळ येऊन बसली. आजारी माणसाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही चंद्रावर जमीन घेतलीत?"

फोटोत कागदाखाली बिलबुक आलं होतं. दुकानाचं नाव, पत्ता, प्रोप्रायटर म्हणून माझं नाव, सगळं ठळक.

"निखिल म्हणाला, बाबांना ओरडू नका, शिकलेली माणसंसुद्धा फसतात. पोलिसांत द्यायची तक्रार तोच लिहून देतोय."

आता बोला. खरं सांगावं, तर होणाऱ्या जावयासाठी सापळा लावला म्हणून सोयरीक मोडते. गप्प राहावं, तर नाशिकमधला एक नंबरचा बावळट मी. पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणालो, "फसलो गं. तक्रार नको, अब्रू जाईल."

साखरपुड्याला चारचौघांत लग्नाच्या देण्याघेण्याची यादी झाली. दोन्हीकडच्या सह्या व्हायच्या होत्या. कागद माझ्यापुढे आला, मी पेन उघडलं, तोच सुनंदाने माझं मनगट धरलं.

"थांबा हो," ती म्हणाली. "आधी जावईबापूंना वाचू द्या."

आणि व्याह्यांनी मोठ्या मायेने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.