निळं म्हणजे मेलेलं

बिअरच्या कारखान्यात नोकरी केली म्हटलं की हिंगोलीत जो तो विचारतो, "मग, पीत किती होता?" अरे बाबा, मी पीत नव्हतो, खमीर मोजत होतो! पण ऐकतो कोण? मग एक किस्सा सांगावा लागतो, त्याला दुसरा चिकटतो आन् चहा गार होऊन जातो.

निजामाच्या राज्याचा शेवटचा काळ. आमचे उस्ताद गफारभाई, रोट्या भाजणाऱ्या नानबायांच्या घरातले. त्यांनी मला काम शिकवलं. खमिराच्या थेंबात निळा रंग टाकायचा, थेंब आखीव काचेवर ठेवायचा आन् खुर्दबिनीतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, एकेक चौकट मोजायची. मेलेलं खमीर निळं होतं, जितं पांढरं राहतं. जितं भरपूर असलं तरच पिंपात टाकायचं.

"इतकं सोपं हाय," भाई म्हणायचे, "म्हणून तर मॅनेजरला समजत न्हाई."

*

एकदा आमच्या गावी, साखऱ्याला, घरी गेलो. आईनं विचारलं, "दिसभर काय करतू रं तिथं?"

"मेलेले मोजतो."

झालं. मयताहून आल्यावानी तिनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, डोक्यावर घागर ओतली, मगच भाकर वाढली. हे कारखान्यात सांगितलं तर गडी पोट धरून हसले. तवापासून खमीर मेलं की कुणीतरी म्हणायचंच, "चला, आंघोळी करा."

*

मॅनेजर हैदराबादेकडचा. एकदा भाईंना बाजूला सारून त्यानं स्वतःच खुर्दबिनीला डोळा लावला.

"हिल रहा है! जिंदा है!"

भाई म्हणाले, "साहेब, ती तुमची पापणी हाय."

त्या दिवसापासून भाई त्याच्या डोळ्यात खुपायला लागले.

*

आन् मग तो उन्हाळा. क्लबाच्या जलशाला बिअर जायची होती, पिंपं तयार होती आन् उन्हानं खमीर मेलं. काच निळीशार.

मॅनेजरनं सगळ्या गड्यांना गोळा केलं. "गफार, सबके सामने बोलो, जिंदा है. नहीं तो नौकरी गयी, क्वार्टर भी खाली करो."

भाईंच्या क्वार्टरात बाळंतीण लेक होती. हे मॅनेजरलाही ठाऊक होतं.

"मुर्द्याला जिंदा म्हणायची माही जबान न्हाई, साहेब," भाई म्हणाले.

मॅनेजर माझ्याकडं वळला. "तू बोल. इसकी जगह तेरी."

मला असा राग आला! मी तसाच बाहेर गेलो, आडातून पाणी शेंदलं आन् कपड्यासकट डोक्यावर बादली ओतली.

मागून पिंपं धुणारा मारोती आला. त्यानं माझ्या हातातली बादली घेतली आन् आपल्या डोक्यावर ओतली. मग भट्टीवाला आला. मग आडापाशी रांगच लागली.

"ये क्या हो रहा है?" मॅनेजर दारातून ओरडून राहिला होता.

गफारभाई सावकाश चालत आले. त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली.

"सरक रं पोरा," म्हणाले, "बादली इकडं दे."